मालकाचं तास

“तात्या यायच्या आत ते तोडून टाक,” गाडीला किक मारता मारता निवास म्हणाला. “आणि बुडखा दिसला नाही पाहिजे. वर माती ओढून घे.”

“जुई झोपलीय त्याच्याखाली.”

“मग उठव.”

“रात्रभर तापली होती. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

त्यानं गाडी बंद केली नाही. एकदा झोळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग हेल्मेट घातलं. वाठारच्या बाजूला कुणाचं तरी रान मोकळं होतंय असं कळलं होतं, ते बघायला तो निघाला होता.

“पाडव्याच्या दिवशी?” मी विचारलं.

“आजच उठवतील ना आपल्याला. हातात काहीतरी पाहिजे की, तृप्ती.”

गाडीचा आवाज ओढ्यापलीकडे गेला, मग चढावर एकदा ऐकू आला, मग बंद झाला. आदल्या दिवशीच आम्ही रान मोकळं केलं होतं. खुरपी, पाइपचं वेटोळं, फवारणीचा पंप, कांद्याच्या रिकाम्या गोण्या, सगळं बांधावर आणून रचलं होतं. नांगर चालायच्या जागी आमचं काही राहायला नको, अशी रीत होती. राहिलं होतं ते एवढंच. मधोमध, पाटाच्या कडेला, माझ्या डोक्याहून हातभर उंच, छत्रीएवढं झाड. त्याच्या खुंटाला बांधलेली झोळी. आणि माझ्या हातात कुऱ्हाड.

मी झोळीपाशी जाऊन जुईच्या नाकासमोर बोट धरलं. श्वास गरम होता, पण लागत होता. ती जन्मल्यापासून मी हे दिवसातून कितीदा करायचे, सांगत नाही. निवास हसायचा म्हणून त्याच्यादेखत करायचे नाही.

आमच्या दोन्ही घरांत कुणाच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. सासरे कराडात शिवणकाम करायचे. मी बी.कॉम. झालेली, माझे वडील नगरपालिकेत. निवासची कंपनी बंद पडली आणि त्याच्या डोक्यात शेती आली. आम्ही दुसऱ्यांची रानं वर्षाच्या बोलीनं करायला लागलो. पहिलं रान पुसेसावळीजवळ. दगड वेचले, शेणखत घातलं, माती जरा हाताला लागायला लागली, आणि पाडव्याला मालक म्हणाला, आता मीच करणार. त्यानं नंतर ते पडीकच ठेवलं. आपल्या हाताखालची माती सोडून जाताना काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. तेव्हा जुई पोटात होती.

त्याच्या पुढच्या पाडव्याला पिंगळवाडीच्या तात्या फडतऱ्यांनी आम्हाला रान दिलं. तात्या पंचाहत्तरीच्या पुढचे. एक मुलगा नेरुळला, एक हैदराबादला. दोघांनाही शेतात पाय ठेवायचा नव्हता आणि रान दुसऱ्याच्या हाती गेलेलंही चालत नव्हतं. आम्हाला अंगणात बसवून तात्यांनी अटी सांगितल्या होत्या.

“रानात छप्पर घालायचं न्हाई. बोअर मारायचं न्हाई. आन झाड लावायचं न्हाई, कसलंच. पाडव्याला रान मोकळं करून द्यायचं. मी माझं तास घालनार. मग फुडचं बघू.”

तास म्हणजे नांगराची एक रेघ. या बांधापासून त्या बांधापर्यंत मालकानं स्वतःच्या हातानं घालायची, गावाच्या डोळ्यांदेखत. वर्षभर घाम कुणाचाही गळो, रान कुणाचं ते त्या रेघेवरनं कळायचं.

“भावकीत कुणी करणारं नाही का तात्या?” निवासनं विचारलं होतं.

“हाईत की. पर भावकीला दिल्यालं परत येत न्हाई. परकी मानसं बरी. उठवली की उठत्यात.”

निवास कसनुसा हसला. मी उंबऱ्याकडे बघितलं. तिथं त्यांची बायको लसूण सोलत बसली होती. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. तिनं मान वर केली नाही, पण हातातली पाकळी सोलायची थांबली होती.

त्या वर्षी तात्यांनी घातलेलं तास मी बघितलं. दोरी धरल्यासारखं सरळ. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. “तात्याचा हात हाय त्यो,” शेजारच्या रानातले सर्जेराव अभिमानानं म्हणाले, जणू बैल त्यांचे होते म्हणून हातही त्यांचाच. बैल खरंच त्यांचे होते. तात्यांनी आपली जोडी कधीच विकली होती.

गावात आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. नळावर बायका विचारायच्या, “काय पाव्हनं, औंदा हितंच का?” त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण वर्ष झालं तरी त्या मला पाव्हनंच म्हणत होत्या, आणि हळदी-कुंकवाला बोलवायचं तेवढं विसरत होत्या. निवास भाजी घेऊन सकाळीच साताऱ्याला जायचा तो दुपार कलल्यावर यायचा. तोवर रानात मी आणि जुई. फोनला रेंज यायची ती बांधावरच्या एका दगडावर उभं राहिलं तर. तिथं उभी राहून मी आईला सांगायचे, मजेत आहोत. मग दगडावरून उतरायचे आणि दिवसभर जुईशी बोलायचे. तिला घेवड्याची नावं सांगायचे, मुंग्यांच्या रांगा दाखवायचे, मला कशाकशाची भीती वाटते तेही सांगायचे. ती पाच महिन्यांची होती, म्हणून सांगता यायचं.

त्या पहिल्या उन्हाळ्यात सावलीची पंचाईत झाली. एवढ्या रानात झाड म्हणून नाही. तुरीच्या वाळल्या काठ्यांवर साडी टाकून मी तिच्यासाठी आडोसा केला होता. वारा आला की तो पडायचा. पोरीचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. एका सकाळी जिजी काठी टेकत बांधावरून आली. गावापासून ते अंतर तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. तिनं आडोशात वाकून जुईचा गळा बघितला, पाठ बघितली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांच्या बैलगाडीत बसून परत आली. त्यांचा गडी हाकत होता. गाडीत मनगटाएवढे जाड, हिरवे तीन दांडके होते, आणि पाटीत शेण.

“झोळीला खुट पायजेत का न्हाई?” म्हणाली. “हितं रोव. पाटाच्या कडंला.”

“बांधावर नको का जिजी? मधे आले तर तात्या—”

“बांधावर शेजारचा भांडतो. मी सांगते तितंच रोव. खोल घे. आनि खोल.”

मी पहारीनं खड्डे घेतले. ती बसल्या जागेवरून बघत होती. तीन खुंट तिरके रोवून वर दोरीनं आवळले. तेवढ्यात तिनं प्रत्येक खुंटाच्या टोकावर शेणाचा गोळा थापला, कमरेची चिंधी काढून फाडली आणि एकेक पट्टी वर घट्ट बांधली. हिरव्या लुगड्याची, लाल काठाची चिंधी.

“हे कशाला?” मी विचारलं.

“उनानं डोकं फुटतं.”

“खुंटाचं?”

“खुटाला न्हाई व्हय डोकं? तुज्या नवऱ्याला हाय तेवडं तरी आसंल.”

मी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. मला वाटलं, पोरीला टोक लागू नये म्हणून म्हातारीनं फडकं गुंडाळलं. जाताना म्हणाली, “रोज बुडात तांब्या-तांब्या पानी वत. इसरू नगंस.”

“पाणी?”

“माती धरती. खुट हालत न्हाई.”

मी रोज पाणी घातलं. झोळी हलता कामा नये, एवढंच मला कळत होतं.

जूनमध्ये मुलं येऊन तात्या आणि जिजीला नेरुळला घेऊन गेली. जिजीचं दुखणं मोठं होतं. पावसाळ्यात खुंटांच्या अंगावर टोकदार, तांबूस कोंब दिसायला लागले. दोन खुंट नंतर वाळले, तिसऱ्यानं मात्र जोर धरला. पानं जाड, चकचकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्याखाली झोळीपुरती सावली पडायला लागली. सर्जेराव एकदा पाटाचं पाणी फोडायला आले आणि बघतच राहिले.

“नांदुर्की हाय ही. वडाच्या जातीची. एकदा लागली का मानूस हालंल, ही हालनार न्हाई. तात्यानं बगितलं तर तुमचं बिऱ्हाड पाठीवर.”

त्या दिवसापासून निवास म्हणत होता, तोड. मी म्हणत होते, उद्या. तात्या नेरुळलाच होते. ऊन वाढत होतं, आणि जुई त्या सावलीत झोपत होती.

जिजी पौषात गेली. दिवसही तिकडंच झाले. होळी झाल्यावर तात्या एकटेच परत आले. मी डब्यात भाकरी आणि घेवड्याची भाजी घेऊन गेले, तर त्यांनी दारातच डबा घेतला, रिकामा करून धुऊन परत दिला आणि दार लावून घेतलं. जिजीविषयी मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते तसंच माझ्याबरोबर परत आलं.

आणि आज पाडवा होता. सकाळी गावातून येताना घराघरावर गुढ्या दिसत होत्या. दोन घरांवर नव्हत्या. एक तात्यांचं. दुसरी आमची खोली.

मी कुऱ्हाड उचलली. खाली ठेवली. जुईचा हात झोळीबाहेर लोंबत होता, तो आत घेतला. अजून थोडी झोपू दे, ताप उतरू दे, मग तोडते, असं स्वतःला सांगते आहे तोवर घुंगरं ऐकू आली.

तात्या लवकर आले होते. नांगर उगवतीच्या बांधाला लावला, कपाळाला माती लावली आणि बैलांना हाक दिली. मी हललेच नाही. काळी रेघ माझ्याकडे सरळ येत होती. माझ्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात झोळीची दोरी. सर्जेराव त्यांच्या बांधावर उभे राहून बघत होते.

पाच-सहा पावलांवर बैल थांबले. तात्यांनी झाडाकडे बघितलं, मग कुऱ्हाडीकडे.

“कुऱ्हाड कशाला?”

“तोडणारच होते तात्या.”

“मग?”

“जुई झोपलीय. ताप आहे तिला.”

“लावलं कुनी?”

“लावलं नाही. झोळीचे खुंट होते. आपोआप फुटले.”

“नांदुर्की आपूआप फुटत न्हाई.” आवाज चढलेला नव्हता. म्हणून जास्त भीती वाटली. “हिरवी तोडावी लागती. दीड हात खोल घालावी लागती. रोज पानी लागतं. मी काय काल जनमलोय? सर्जा बोलला त्ये खरं, रान धरून बसायला लावलंय. शिकल्याली मानसं. बरूबर जागा हेरली, बरूबर झाड हेरलं. म्हातारा-म्हातारी नेरुळला गेली, चला.”

“तात्या, असं नाही हो—”

“बाजूला हो. पोर घे.”

त्यांनी माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली. मी जुईला झोळीतून उचललं. ती दचकून उठली आणि घसा फोडून रडायला लागली. मी तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. वाठारचं रान निवासला मिळालं असेल का, तिथं तरी झाड असेल का, तिथला नळ किती लांब असेल, असलं काहीबाही डोक्यात फिरत होतं. आणि या मातीत घातलेलं शेणखत. ते काही गोणीत भरून नेता येत नाही.

घाव घालायला जागा हवी म्हणून तात्यांनी डाव्या हातानं फांद्या बाजूला केल्या. आणि हात तसाच राहिला.

शेण पावसात कधीच धुऊन गेलं होतं. पण चिंधी होती. खुंटाच्या मूळ टोकाला, नव्या फांद्यांच्या मधोमध, विटलेली. लाल काठ तेवढा ओळखू येत होता.

“ह्ये कुनी बांधलं?”

“जिजींनी.”

ते चिंधीकडेच बघत होते. “खुट कुनी आनलं?”

“त्यांनीच. सर्जेरावांच्या गाडीतनं.”

“जागा?”

“त्यांनीच दाखवली. मी बांधावर रोवत होते. मधेच रोव म्हणाल्या.”

“आन पानी?”

“रोज घालायला सांगितलं. खुंट हलू नये म्हणून.”

तात्यांनी कुऱ्हाड खाली टेकवली. तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. जुईचं रडणं कमी झालं होतं, नुसते हुंदके येत होते.

“म्हातारे,” ते म्हणाले. मला नाही.

मग ते तिथंच, झाडाच्या बुडाशी बसले. मला उभं राहावं की बसावं कळेना.

“हितं आंबा हुता,” ते म्हणाले. “माज्या बानं लावल्याला. रान तवा इनामदाराचं. बा कसनारा. इनामदार दरसाल सांगायचा, आंबा काढ. बा म्हनायचा, उद्या काढतो. त्या आंब्याच्या जोरावर बा हितं टिकला आन रान आमचं झालं. मला ठावं हाय, झाड काय करतंय त्ये.”

“म्हणून तुम्ही—”

“आंबा वाळला. त्यानंतर ह्या रानात रोप दिसलं का मी उपटलं. ती बगायची. तिची दोनी पोरं त्याच आंब्याखाली झोपल्याली. कदी एका शब्दानं बोलली न्हाई.”

त्यांनी हात वर करून चिंधीला बोट लावलं. सोडली नाही, नुसती चाचपली.

“नेरुळात हातरुनावर मला सारकी इचारायची, ‘अवं, त्यांचं पोरगं आता कशात झोपतंय?’ मी म्हनायचो, मला काय ठावं, झोपत आसंल कुटंतरी. दोन दिसांनी परत त्येच. ‘सर्जाला फोन करून इचारा की, झोळी हाय का आजून.’ मी चिडायचो. हिकडं पोटची पोरं उशाला येऊन बसत न्हाईत आन हिला परक्याच्या झोळीची काळजी.”

जुईनं खांद्यावरून मान वर केली आणि बैलांकडे बोट दाखवलं.

“फोन केलाच न्हाई मी,” तात्या म्हणाले.

ते उठले. गुडघ्याला हात देऊन, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा. कुऱ्हाड दांड्याकडनं माझ्यापुढे धरली. “ठिव ही तिकडं बांधावर. पोराच्या पायात येईल.”

मी कुऱ्हाड घेतली आणि मागे सरले. त्यांनी नांगराचं रुमणं दाबून धरलं, बैलांना हाक दिली. झाड दोन-तीन पावलांवर आलं तेव्हा त्यांनी डावा कासरा ओढला. बैल बिचकले. वर्षानुवर्षं त्या रानात ते सरळच गेले होते. तात्यांनी पुन्हा ओढला, जोरात. नांगर वळला. झाडाच्या बुडापासून चांगला लांबून, मुळांना धक्का लागणार नाही असा, अर्धा वेढा घालून तो पलीकडे गेला आणि मग परत आपल्या ओळीला लागला.

“तात्याऽऽ!” सर्जेराव बांधावरून ओरडले. “तास वाकडं ग्येलं की वं! दिसंना का काय?”

तात्यांनी मावळतीच्या बांधापर्यंत जाऊन बैल थांबवले. मग म्हणाले, “वय झालं, सर्जा.”

सर्जेराव हसले. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. तात्या फडतऱ्याचं तास वाकडं गेलं, म्हातारी गेल्यापासून त्याचा हात गेला, आता त्यानं हे सोडावं. नळावर बायका चुकचुकल्या. कुणी माझ्याकडे वळून विचारलं नाही, आणि मीही माझी घागर भरून निघाले.

त्याआधी दुपारीच निवास उन्हातून काळवंडून रानावर आला होता. वाठारचं रान दुसऱ्यानं आधीच धरलं होतं. झाड बघून तो बांधावरच बसला.

“तोडलं नाहीस?”

“नाही.”

“मग काय म्हणाले?”

जाताना तात्या बैल सोडून माझ्याजवळ थांबले होते. “पानी बंद करू नगं,” एवढंच म्हणाले होते. “अजून दोन उनाळं लागत्यात त्येला.”

मी निवासला तेच सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला. मग तो उठला आणि बांधावरचं पाइपचं वेटोळं परत रानात आणून ठेवलं.

पुढच्या पाडव्याला तात्या आले ते बैलांशिवाय. मागून सर्जेराव जोडी घेऊन येत होते. तात्या झाडाखाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. जुई आता झोळीत मावत नव्हती. ती त्यांच्यापासून जरा लांब, पाटात पाय सोडून बसली होती. त्यांनी एकदा वर बघितलं. खोड जाड झालं होतं. चिंधी सालीच्या आत गेली होती, बाहेर दोन लाल दोरे राहिले होते.

निवास दरवर्षीसारखं रान मोकळं करून कडेला उभा होता.

“उबा काय ऱ्हायलास?” तात्या म्हणाले. “घाल.”

निवासनं माझ्याकडे बघितलं, मग सर्जेरावांकडे. सर्जेरावांनी कासरा त्याच्या हातात दिला. निवासनं आयुष्यात कधी बैलांचा नांगर धरला नव्हता.

“तास कुठनं घालू तात्या?”

“वळान पडल्यालं हाय की,” ते म्हणाले. “त्येच्यानंच जा.”